जून ते चवथ: लहान मुलग्यांच्या आईने पावसाळा कसा आखावा

गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि भाद्रपदातल्या चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, तो घराच्या दिनक्रमावर ठाण मांडून बसतो. हंगामात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात, ज्या घरात तीन ते नऊ वर्षांचे दोन-तीन मुलगे आहेत त्या घरातल्या आईला हे महिने निराळे वाटतात. मैदानात तळे साचलेले असते, समुद्र खवळलेला असतो, अंगण निसरडे झालेले असते आणि मुलांच्या अंगातली ताकद मात्र मे महिन्यात होती तेवढीच असते. अशा वेळी हाती मोबाइल देऊन मुलांना गप्प बसवणे किंवा दिवसभर "नको, थांब, पडशील" असे म्हणत त्यांच्यामागे फिरणे, या दोनच वाटा आहेत असे वाटू लागते. तिसरी वाट आहे, आणि ती जुन्या घरांतून सर्रास वापरली जात असे: मुलग्यांना घरातले खरे काम द्यावे आणि पावसाळ्याच्या महिन्यांना सणावारांच्या क्रमाने आखून घ्यावे. हा लेख त्या आखणीविषयी आहे.

काम खरे असावे, या शब्दांवर माझा भर आहे. आईला लक्ष द्यावे लागू नये म्हणून दिलेले लुटुपुटूचे काम चार वर्षांच्या मुलालाही लगेच कळते आणि तो ते टाकून निघून जातो. ज्या कामाचे फळ त्याच दिवशी ताटात, दारात किंवा देवघरात दिसते, जे त्याने केले नाही तर अडून राहील आणि जे त्याचे लक्ष उडण्याआधी पुरे होईल, ते काम मुलगा आनंदाने करतो. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा मोठे काम आखू नये. मोठ्या कामाचा एक तुकडा त्याच्या वाट्याला द्यावा, तो पुरा झाल्यावर "झाले तुझे" असे स्पष्ट सांगावे आणि त्याने केलेले पुन्हा त्याच्यादेखत नीट करत बसू नये. हे शेवटचे पथ्य सर्वांत कठीण आहे, परंतु ते पाळले नाही तर बाकीचे सारे व्यर्थ जाते.

सकाळ पोदेराची

दिवसाची सुरुवात ठरलेल्या आवाजाने झाली तर मुले चटकन उठतात, आणि गोव्यात तो आवाज आयता मिळतो. सकाळी पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, सायकलीचा भोंगा वळणावर वाजला की "पोदेर आयलो!" अशी हाक घालत दाराशी धावणे, हे काम मुलग्यांचेच असावे. त्यासाठी रात्रीच तयारी करून ठेवावी: कापडी पिशवी दाराच्या खुंटीला, सुटे पैसे एका वाटीत आणि किती पाव घ्यायचे ते आधी ठरलेले. मोठ्याने पैसे मोजून द्यावेत, धाकट्याने पिशवी धरावी. पोयी घ्यायची की उंडे, कातरे पाव घ्यायचे की बांगडीसारखी काकणां, याची निवड एक दिवस एकाची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची, असे ठरवून टाकावे. पाळी कोणाची हे मुलांच्या लक्षात अचूक राहते, आपल्याला लक्षात ठेवावे लागत नाही.

या पाच मिनिटांत बेरीज-वजाबाकी होते, मोठ्या माणसाशी आदराने बोलण्याची सवय लागते आणि गरम पोयीचा वास घेत धावत परत येणाऱ्या मुलाचा चेहरा आईला पाहायला मिळतो. त्या वेळी आपण ओट्याकडे पाठ करून दारात उभे राहावे, चहा दोन मिनिटे उशिरा झाला तरी चालतो.

सुट्टीच्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज करण्याची रीत ज्या घरात अजून आहे, तिथे तांदूळ धुण्याचे काम मुलांकडे सोपवावे. पाणी पांढरे येते, मग कमी पांढरे, मग जवळजवळ स्वच्छ, हे पाहण्यात मुले रमतात आणि धुतलेले पाणी परसातल्या झाडांना घालण्याचे दुसरे काम त्यातूनच निघते.

भिजण्याची वेळ ठरवून द्यावी

मुलगे भिजणारच. त्यांना अडवण्यात दिवस घालवण्यापेक्षा भिजण्याची वेळ, जागा आणि नियम ठरवून दिलेले बरे. शाळेतून आल्यावर अर्धा तास, घरासमोरच्या अंगणात, आणि आभाळ गडगडत नसेल तरच, असा नियम पुरेसा होतो. वीज चमकली की लगेच घरात यायचे, यात तडजोड ठेवू नये. भिजायला सोडण्यापूर्वी दाराशी जुने पंचे, कोरडे कपडे आणि बादलीभर कोमट पाणी तयार ठेवावे. ही तयारी आधी केली की ओल्या पायांनी घरभर होणारी धावपळ आणि त्यावरची आपली चिडचिड दोन्ही वाचतात.

बाहेर जाण्याआधी हातापायांवर खरचटलेले, कापलेले आहे का ते पाहावे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणून ताज्या पावसात नाचण्यास हरकत नसली, तरी गटाराच्या, गोठ्याच्या किंवा शेतात तुंबलेल्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये, विशेषतः अंगावर जखम असताना. घरात आल्यावर पाय साबणाने धुणे सक्तीचे असावे. पुढच्या काही दिवसांत ताप आला, अंग दुखू लागले, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना दाखवताना मूल साचलेल्या पाण्यात खेळले होते हे आवर्जून सांगावे.

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्याने साप कोरडी जागा शोधतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप गोव्यात आढळतात, म्हणून बूट आणि रेनकोट झटकून घालण्याची सवय मुलांना पहिल्या पावसापासूनच लावावी. आमच्या घरी ती शाळेत निघण्याच्या क्रमाचाच भाग आहे: आधी बूट उलटा, मग दोन वेळा आपटायचा, मग आत पाहायचे आणि नंतर पाय. साप चावल्याची शंका आली तरी बांधणे, कापणे असले उपाय न करता मुलाला हलू न देता १०८ क्रमांकावर फोन करावा आणि इस्पितळ गाठावे.

समुद्राविषयी मुलांशी एकदाच, पण नीट बोलावे. पावसाळ्यात पाण्यात उतरायचे नाही, किनाऱ्यावरून पाहायचे. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा "ताजो बांगडो का नाही?" असा प्रश्न जेवताना हमखास येतो. तो चांगला प्रश्न आहे. या काळात अनेक मासे अंडी घालतात आणि समुद्रही धोक्याचा असतो, हे सांगून पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीच्या, डब्यातले सुके मासे, सोलां (आमसुले), मीठ आणि लोणची मे महिन्यात का भरून ठेवली होती ते मुलाला डबे उघडून दाखवावे. वास घेऊन कोणता डबा कशाचा हे ओळखण्याचा खेळ यातून आपोआप सुरू होतो.

रविवारच्या करवंट्या

मुलग्यांना पाणी ओतायला फार आवडते, आणि पावसाळ्यातल्या गोव्यातल्या घराला त्यांच्या या आवडीचा मोठा उपयोग आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा घराभोवतीचे साचलेले पाणी ओतून टाकले की हे चक्र तुटते. हे काम रविवारी सकाळी मुलांच्या ताब्यात द्यावे. नारळाच्या करवंट्या, कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, उलटे पडलेले झाकण, प्लास्टिकच्या ताडपत्रीच्या घड्या, फ्रिजच्या मागचे ताट: प्रत्येक ठिकाण मुलाने स्वतः शोधावे, पाणी ओतावे आणि वस्तू पालथी घालावी. फ्रिजच्या मागचे ताट मात्र मोठ्यांनीच काढावे.

मोठ्या मुलाला एक वही द्यावी आणि पाणी कुठे कुठे सापडले ते लिहायला सांगावे. दोन-तीन रविवारांनंतर कोणती जागा दर वेळी यादीत येते हे त्याच्याच लक्षात येते आणि तो त्यावर उपाय सुचवू लागतो. सहा-सात वर्षांचा मुलगा कमरेवर हात ठेवून "या कुंडीची बशीच काढून टाकूया" असे सांगतो, तेव्हा घराची काळजी घेणारा आणखी एक माणूस घरात तयार होत असल्याचे जाणवते.

चिखलाचा दिवस

आषाढ शुद्ध द्वादशीला माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात चिखलकालो होतो. देवकी आणि बाळकृष्ण यांची एकत्र पूजा होणारे हे मंदिर, पोर्तुगीज काळात चोडण बेटावरून स्थलांतरित झालेल्या देवाचे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी अंगाला तेल चोळून लहानथोर पुरुष आणि मुलगे पावसात भिजलेल्या मैदानात उतरतात आणि कृष्णाच्या बालपणीचे खेळ चिखलात खेळतात. आई आणि मुलगा यांचाच हा देव, म्हणून लहान मुलग्यांच्या आईने हा दिवस एकदा तरी मुलांसह पाहावा असे मला मनापासून वाटते.

जाताना पाच वर्षांखालच्या मुलांना मैदानाच्या कडेलाच ठेवावे, कारण मधल्या गर्दीत मोठी माणसे घसरतात. मुलांना अंगभर खोबरेल तेल लावून न्यावे, म्हणजे चिखल लवकर निघतो आणि त्वचेला खाज येत नाही. जुने कपडे, परतीसाठी प्लास्टिकची पिशवी, पाण्याची मोठी बाटली आणि गाडीच्या सीटवर अंथरायला जुनी चादर सोबत असावी. घरी आल्यावर अंगणातच अंघोळ घालावी. त्या संध्याकाळी मुले लवकर झोपतात, ही त्या दिवसाची आईला मिळणारी दक्षिणा.

पातोळ्या मुलांच्या हातून

पावसाळी स्वयंपाकघरातले सर्वांत जमणारे काम म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पातोळ्या, कारण त्यात तळण नाही, विळीचे काम मुलांकडे येत नाही आणि प्रत्येकाची पातोळी शेवटपर्यंत ओळखता येते. नागपंचमीला आणि चवथीच्या दिवसांत त्या आपल्याकडे होतातच. पंधरा ऑगस्टच्या सुमारास शेजारच्या ख्रिस्ती घरांतूनही त्याच पानाचा वास येतो, आणि दोन्ही घरांच्या पातोळ्या ताटांत इकडून तिकडे नेऊन पोचवण्याचे कामही मुलांना देता येते.

तांदूळ सकाळी धुऊन चार तास भिजत घालावेत आणि अगदी थोडे पाणी घालून गुळगुळीत, घट्ट वाटावेत. पीठ पानावर बोटाने पसरता आले पाहिजे, वाहता कामा नये. वाटताना चिमूटभर मीठ घालावे. खवलेला नारळ आणि गूळ मंद आचेवर एकत्र करून चून करावे, त्यात वेलची घालावी आणि ते पूर्ण निवू द्यावे. नारळ खवण्याचे व चुलीजवळचे काम आईचे किंवा बाबांचे. मुलांचे काम परसातून सुरू होते. हळदीचे पान कसे निवडायचे ते त्यांना झाडाजवळ नेऊन दाखवावे: फाटलेले नको, किडीने भोके पाडलेले नको, फार कोवळे नको कारण ते वाफेत गळून पडते. पान देठासह कापायचे, धुवायचे आणि एका बाजूकडून दुसरीकडे, शिरांच्या दिशेने, स्वच्छ फडक्याने पुसायचे. उलट्या दिशेने पुसले की पान फाटते, हे मुलाला एक पान फाटल्यावर कळते आणि नंतर सांगावे लागत नाही.

आता जमिनीवर जुने वर्तमानपत्र अंथरून प्रत्येकाला एक पान, पिठाची वाटी आणि पाण्याची वाटी द्यावी. बोटे पाण्यात बुडवून पीठ पानाच्या गुळगुळीत बाजूवर पातळ पसरायचे. धाकट्याच्या पानावर पिठात पाच बोटांच्या पाच वाटा दिसतात, मधे पान उघडे पडते, कडेला गोळा साचतो. तसेच राहू द्यावे. मोठा मुलगा कडेपर्यंत समान पसरवण्यात गुंग होतो, त्याची जीभ ओठांबाहेर येते आणि तो कुणाशी बोलत नाही. मग मधोमध चमचाभर चून ठेवून पान लांबीला घडी घालायचे आणि कडा हलक्या हाताने दाबायच्या. कुणाची पातोळी कोणती हे ओळखण्यासाठी देठाला वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधावेत.

मोदकपात्रात किंवा चाळणीवर पंधरा ते वीस मिनिटे वाफवावे. झाकण काढताना मुलांना दोन हात लांब उभे करावे, कारण वाफ दिसत नाही आणि तिचाच चटका जास्त बसतो. थोडे निवल्यावर पान मुलाने स्वतः सोलावे. पानाच्या शिरा पांढऱ्या पातोळीवर रेघांनी उमटलेल्या असतात, आणि जिथे पीठ पातळ लागले होते तिथून चुनाचा तपकिरी रंग आतून दिसतो. मुलाला पहिल्यांदा हे दिसते तेव्हा तो खायचे विसरून पाहतच राहतो. पहिली पातोळी देवाला, दुसरी आजी-आजोबांना आणि मग स्वतःची, हा क्रम आधीच सांगून ठेवावा.

याच सुमारास फणसाची सुकवून ठेवलेली बिकणां, म्हणजे आठळ्या, आमटीत घालायची असतात. वरची पांढरी साल सोलणे हे सहा वर्षांवरच्या मुलांना उत्तम जमते. नेवऱ्या (करंज्या) करताना कातण्याने कड कापणे त्यांना आवडते, तळणाजवळ मात्र त्यांना येऊ देऊ नये.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. आपल्या बऱ्याच घरांत चवथीला पुरुषांनी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायची आणि बायकांनी स्वयंपाकघरातून बाहेर यायचे नाही, अशी विभागणी असते. मुलगे लहान असतानाच त्यांना दोन्हीकडे बसवले, तर पुढे त्यांना ताट कुठून येते हे वेगळे शिकवावे लागत नाही. मुलग्याने पीठ पसरवले किंवा भांडी विसळली म्हणून त्याचे मोठे कौतुकही करू नये. ते घरातले काम आहे आणि तो घरातला माणूस आहे, एवढ्या सहजतेने ते चालू द्यावे.

घुमटाचा नाद

ज्या मुलांना दिवसभर काहीतरी बडवायचे असते, त्यांना श्रावणापासून घुमटाच्या तालाला लावावे. चवथीच्या दिवसांत घरोघर घुमट, शामेळ (एक चर्मवाद्य) आणि कासाळ्या (मोठ्या झांजा) यांच्या साथीने मराठी आरत्या म्हटल्या जातात. घुमट हे वाद्य गोवा सरकारने २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. मातीच्या, दोन तोंडांच्या या भांड्याच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आल्यानंतर घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकरीचे कातडे वापरतात. मुलांना ही माहिती फार आवडते, आणि घोरपड का मारायची नाही यावर चांगले बोलणे होते.

सुरुवात हाताच्या टाळीने करावी. आजोबा, मामा किंवा शेजारचे जाणकार वादक असतील तर त्यांनी बोल म्हणावेत आणि मुलांनी मांडीवर वाजवावेत. टाळी स्थिर झाल्यावरच घुमट हाती द्यावे. उजव्या हाताने कातड्यावर थाप मारायची आणि डाव्या तळव्याने मागचे लहान तोंड झाकायचे-उघडायचे, म्हणजे आतली हवा कोंडते किंवा सुटते आणि नाद बदलतो. लहान मुलाने मांडी घालून घुमट मांडीवर घ्यावे, गळ्यात अडकवू नये, कारण ते पडले तर फुटते. दमट हवेने कातडे सैल पडते, तेव्हा मोठ्यांनी ते लांबून शेकून द्यावे.

सरावाची वेळ दिवेलागणीची ठेवावी. हातपाय धुऊन, सांजवात लावून परवचा म्हटल्यावर दहा मिनिटे ताल, त्यापेक्षा जास्त नाही. बोलताना घरात कोंकणी असली तरी आरत्या मराठी असतात, त्यामुळे मुलांना अडलेल्या शब्दांचा अर्थ त्याच वेळी सांगून टाकावा. पाठ करून घेण्याची घाई नको. चवथीला शेजारच्या घरी आरतीला गेल्यावर मोठ्यांच्या रांगेत बसून मुलगा एक आरती जरी शेवटपर्यंत वाजवू शकला, तरी तो आनंद त्याला आणि आपल्याला वर्षभर पुरतो.

माटोळीची यादी

गणपतीच्या मूर्तीवर टांगायच्या लाकडी चौकटीला ऋतूतली फळे, फुले आणि रानातल्या वस्तू बांधून माटोळी होते. कला व संस्कृती संचालनालय माटोळी सजावटीची स्पर्धा घेते, आणि तिथल्या माटोळ्यांत शेकडो वस्तू पाहायला मिळतात. घरच्या माटोळीला मात्र थोड्याच वस्तू पुरतात: असोला नारळ, सुपारीचे कातरे, केळ्यांचा घड, तोरिंगण, चिबूड, निरफणस, आंबाडे, कांगलांचे घोस, घागऱ्या, कवंडळ आणि आंब्याचे टाळे.

श्रावणातच मुलांकडून या वस्तूंची चित्रे काढून घ्यावीत. ज्या वस्तू परसात किंवा गावाच्या कडेला मिळतील त्या बाबांबरोबर जाऊन आणाव्यात आणि उरलेल्यांसाठी चवथीच्या आदल्या दिवसांत भरणाऱ्या माटोळीच्या बाजारात जावे. म्हापसा, फोंडा, डिचोली येथे सकाळी लवकर गेलेले बरे. चित्रांचा कागद मुलाच्या हातात असावा आणि वस्तू त्याने शोधावी. सत्तरी-पेडण्याकडून रानातली फळे घेऊन आलेल्या बायका अशा मुलांशी फार प्रेमाने बोलतात, घागरीची वाळलेली शेंग कानाशी हलवून खुळखुळ ऐकवतात, कोणते फळ कुठल्या वेलीवर येते ते सांगतात. घासाघीस तेवढ्यापुरती बाजूला ठेवून ते बोलणे होऊ द्यावे.

कवंडळासारखी काही रानफळे दिसायला लालबुंद आणि आकर्षक असतात, पण ती खाण्याची नाहीत. बाजारातून आल्याबरोबर मुलांना कोणती फळे तोंडात घालायची नाहीत ते दाखवून ती उंच ठेवून द्यावीत. बांधणीच्या वेळी मुलांनी खालून वस्तू हाती द्याव्यात आणि दोर धरावा. विसर्जनानंतर माटोळी उतरवली की चिबूड कुणाला, नारळ कुणाला, याच्या वाटणीत मुलांना सामील करून घ्यावे.

भांडणे आणि ओले कपडे

दोन भाऊ एका छपराखाली चार महिने असले की भांडणार. न्यायनिवाडा करत बसण्यापेक्षा दोन नियम पुरतात: खाऊ एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, आणि हात उगारला तर दोघांनी दोन खोल्यांत, घड्याळाचा मोठा काटा दोन आकडे पुढे सरकेपर्यंत. "तू दादा आहेस ना, मग सोड" हे वाक्य शक्यतो वापरू नये. मोठा असणे ही त्याला शिक्षा वाटू लागते.

कपड्यांसाठी पावसाळ्यापुरते जाड जीन्स आणि जाड सुती बनियन कपाटात बंद करावेत, पातळ आणि लवकर वाळणारे कपडे बाहेर ठेवावेत, पडवीत दोन पातळ्यांवर दोऱ्या बांधाव्यात आणि खालच्या दोरीवर आपापले कपडे घालण्याचे काम मुलांना द्यावे. चड्ड्या वाकड्या वाळतात. वाळल्या म्हणजे झाले.

दिनदर्शिकेची चौकट

भिंतीवरच्या मोठ्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकटीत दुधाचा आणि गॅसचा हिशेब लिहिण्याची सवय आपल्याला असतेच. त्याच चौकटीत मुलांचे एखादे वाक्य लिहून ठेवावे. सर थांबल्यावर खिडकीशी उभ्या असलेल्या तीन वर्षांच्या मुलाने विचारलेले "आई, पाऊस झोपला का?" किंवा भावाने दिलेल्या अर्ध्या काकणाविषयी रागाने म्हटलेले "हे अर्धे नाही, हे पाव आहे," असली वाक्ये संध्याकाळपर्यंत निसटून जातात. वेगळी वही ठेवली तर ती चार दिवसांत मागे पडते. दिनदर्शिका मात्र समोरच असते आणि पेन तिला दोऱ्याने बांधलेले असते. रोज लिहायलाच हवे असे नाही. वर्ष संपल्यावर ती दिनदर्शिका रद्दीत न देता गुंडाळी करून कपाटावर ठेवावी आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या दिवशी मुलांपुढे उघडावी. आपण मागच्या वर्षी काय बोललो हे ऐकताना मुले पोट धरून हसतात.

दुपारी मुले झोपली किंवा शाळेत असली की आईने त्या वेळेतला अर्धा तास कामाला लावू नये, असेही मी सुचवीन. पडवीत खुर्ची घेऊन, पाय वर घेऊन, वाचावे किंवा नुसते बसावे. हा अर्धा तास घरातल्या सर्वांना माहीत असावा आणि त्या वेळी आईला हाक मारू नये, हे मुलांनाही ठाऊक असावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

पणजी, मडगाव, वास्को येथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आयांना परस आणि पडवी नसते, तरी यातले बरेचसे करता येते. पोदेर इमारतीच्या खाली येतोच, मुलांना जिन्याने खाली धाडावे आणि आपण खिडकीतून लक्ष ठेवावे. भिजण्यासाठी गच्ची वापरायची असेल तर कठड्याची उंची पाहूनच न्यावे आणि मुलांबरोबर मोठ्या माणसाने सतत थांबावे. करवंट्यांऐवजी रविवारी बाल्कनीतल्या कुंड्या, एसीच्या पाण्याचा डबा आणि गच्चीवरचे साचलेले पाणी तपासावे. घुमटाच्या सरावाची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवावी. हळदीचे पान बाजारात मिळते, पण मे महिन्याच्या शेवटी खोलगट कुंडीत हळदीच्या कंदाचे दोन-तीन कोंब फुटलेले तुकडे मुलांच्या हातून दोन-अडीच इंच खोल लावले, कुंडीला पाणी निघून जाण्याचे भोक ठेवले आणि ती बाल्कनीत उजेडाच्या जागी ठेवली, तर नागपंचमीपर्यंत पातोळ्यांपुरती पाने घरचीच निघतात.